न्यूयॉर्कमधल्या खाण्याच्या गाड्या: परवाना एकाचा, घाम दुसऱ्याचा

हडसनकाठी

मॅनहॅटनमध्ये दुपारी बाराच्या सुमाराला ऑफिसातून खाली उतरलं की कोपऱ्याकोपऱ्यावर तव्यावरचा उलथन्याचा खणखणाट ऐकू येतो. चिकन-राइस, फलाफल, हॉट डॉग, टाको, आणि आता मोमो-डोसेसुद्धा. भारतातून आलेल्या पाहुण्यांना आपण स्वातंत्र्यदेवी दाखवतो आणि परत येताना पांढऱ्या सॉसवालं चिकन-राइस खायला घालतो. शाकाहारी असतील तर फलाफल. मग पाहुणे हमखास विचारतात, "काय रे, बक्कळ कमावत असेल ना हा?" त्याचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून इथं चर्चेचा धागाच काढतो.

गाडीवर घाम गाळणारा माणूस बऱ्याचदा परवान्याचा मालक नसतो. इथं दोन वेगवेगळे कागद लागतात. पहिला माणसाचा: अन्नसुरक्षेचा छोटा अभ्यासक्रम, परीक्षा, साधारण ५० डॉलर फी. तो मिळतो. दुसरा गाडीचा, त्याला परमिट म्हणतात, आणि सगळी गोम तिथं आहे. १९८३ साली, एड कॉच महापौर असताना, शहरानं परमिटांची संख्या गोठवली. वर्षभर चालणारी परमिटं तीन हजारांच्या आसपास, वर उन्हाळी गाड्यांची एक हजार. २००८ मध्ये महापौर ब्लूमबर्गच्या काळात आणखी एक हजार 'ग्रीन कार्ट' आल्या, पण त्यांच्यावर फक्त ताजी फळं आणि भाज्या विकायच्या, त्याही ठरवून दिलेल्या वस्त्यांत. ऐंशी लाखांवर वस्तीच्या शहराला एवढंच. आणि रस्त्यावर विकणारे? सगळ्या प्रकारचे मिळून वीस हजारांच्या वर असल्याचे अंदाज आहेत. म्हणजे बहुसंख्य लोक विनापरवाना किंवा दुसऱ्याच्या परवान्यावर.

शिजवून विकणाऱ्या गाडीच्या परमिटची सरकारी फी दोन वर्षांना २०० डॉलर. एकदा मिळालं की नूतनीकरण करत राहायचं, त्यामुळे परत कोण देतो? प्रतीक्षायादी एवढी लांबली की शहरानं ती घेणंच बंद केलं. मग व्हायचं ते झालं. तेच २०० डॉलरचं परमिट दोन वर्षांसाठी २० ते २५ हजार डॉलरला भाड्यानं जायला लागलं. हे बेकायदा आहे, म्हणून करार तोंडी आणि पैसे रोख. मूळ परमिटवाला कधीच दुसऱ्या धंद्याला लागलेला असतो, आणि गाडीवाला रोज सकाळी तवा तापवण्याआधीच देणेकरी असतो.

जानेवारी २०२१ मध्ये इथल्या नगरपरिषदेनं नवा कायदा केला. दर वर्षी ४४५ नवे परवाने, असं दहा वर्षं द्यायचं त्यात ठरलं. या नव्या प्रकाराचं नाव 'सुपरवायझरी लायसन्स', आणि अट अशी की ज्याच्या नावावर ते आहे त्यानं स्वतः गाडीवर हजर राहायचं. जुन्या परमिटधारकांना ही अट पाळायला २०३२ पर्यंत मुदत. २०२२ च्या उन्हाळ्यापासून वाटप सुरू व्हायचं होतं, ते रेंगाळत रेंगाळत चाललं.

माझं म्हणणं एवढंच आहे की संख्या गोठवली की परवाना हाच माल होतो आणि खाणं हे निमित्त उरतं. नियम जागेवर करावेत, स्वच्छतेवर करावेत. आकड्यावर करू नयेत. मुंबई-पुण्यात फूड ट्रकसाठी धोरण हवं अशी चर्चा अधूनमधून निघते, म्हणून तिकडच्या लोकांची मतं वाचायला आवडतील.

चिंचपोकळीकर

छान विषय. पण यात नवल ते काय? आमच्याकडे पागडी असतेच की. कागदावर एक, खोलीत दुसरा, भाडं तिसऱ्याला.

मुंबईत महापालिकेनं फेरीवाल्यांचे नवे परवाने देणं १९७८ च्या सुमारास बंद केलं. तुमच्या १९८३ च्याही आधी. तेव्हाचे परवानाधारक पंधरा हजारांच्या आसपास. मधल्या काळात शहर कुठच्या कुठे गेलं, वडापाव प्रत्येक स्टेशनाबाहेर आला, फ्रँकी आली, शेजवान डोसा आला, पण परवान्यांचा आकडा तिथंच. २०१४ च्या सर्वेक्षणात ९९ हजारांच्या आसपास अर्ज आले होते आणि त्यातले पात्र ठरले ते पुन्हा पंधरा हजारांच्या घरात! बाकीचे काय करतात? रोज गाडी लावतात, आणि महापालिकेची व्हॅन येतेय असं कळलं की गल्लीत ढकलतात.

सुपारीचं_खांड

वाचतेय. हडसनकाठी, ते त्रेपन्नाव्या रस्त्यावरचे पिवळ्या पिशवीवाले खरेच मूळचे गाडीवालेच का? आता तर त्यांची दुकानं झाली आहेत.

हडसनकाठी

हो. हलाल गाईज. १९९० मध्ये तीन इजिप्शियन माणसांनी त्रेपन्नावा रस्ता आणि सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर हॉट डॉगची गाडी सुरू केली. टॅक्सी चालवणारे मुसलमान ड्रायव्हर रात्री हलाल जेवण शोधत फिरायचे, ते बघून त्यांनी हॉट डॉग सोडून चिकन-भात सुरू केला. आज शहरभर जो प्रकार दिसतो तो त्या ड्रायव्हरांच्या भुकेतून आलाय. एकदोन डझन माणसं रात्री दोनला रांगेत, सगळ्या टॅक्सी दुहेरी ओळीत उभ्या, हे दृश्य जुने लोक अजून सांगतात.

सदाशिव_पेठ_३०

सगळ्यांची सहानुभूती गाडीवाल्यांकडेच का, हे एक विचारू का? माझं छोटं हॉटेल आहे. दुकानाचं भाडं, मालमत्ता कर, अन्न परवाना, अग्निशामक दलाचा दाखला, पाच टक्के जीएसटी तोही इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) न घेता, कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी. हे सगळं भरून मी मिसळ विकतो. आणि समोर संध्याकाळी सहाला एक टेम्पो येतो, त्यावर रंगीत दिवे, बोर्डावर 'अमुक बाइट्स', आणि गिऱ्हाईक माझ्या दाराशी दुचाकी लावून त्याच्याकडे खातं. प्लेट माझ्या पायरीवर टाकतं. मग मी नियम पाळून मूर्ख ठरलो का?

विंडी_सिटीतला_वारकरी

सदाशिव पेठ, तुम्ही शिकागोला या, तुमचं स्वागत होईल. इथं नेमका तुमच्याच बाजूचा नियम आहे. कुठल्याही रेस्टॉरंटपासून २०० फुटांच्या आत, म्हणजे साधारण ६० मीटरांत, फूड ट्रक लावायचा नाही. मध्य शिकागोत ६० मीटरांत एकही खायचं दुकान नाही अशी जागा दिवा घेऊन शोधावी लागते, कारण रेस्टॉरंटच्या व्याख्येत सँडविच ठेवणारी कोपऱ्यावरची दुकानंही येतात. एका जागी दोन तासांहून जास्त थांबायचं नाही. शिवाय ट्रकवर जीपीएस बसवायचा, म्हणजे तुम्ही कुठे उभे होतात ते तपासता येतं. दंड १००० ते २००० डॉलर.

गंमत म्हणजे ट्रकमध्ये स्वयंपाक करायची परवानगीच इथं २०१२ मध्ये मिळाली. त्याआधी सगळं बाहेर शिजवून, डबाबंद करून आणायचं. त्याच नियमावलीत दंड वाढवले आणि जीपीएस आणला. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं घेतलं.

हा नियम कोर्टात गेला. कपकेक विकणाऱ्या एका ट्रकच्या मालकिणीनं दावा लावला होता. मे २०१९ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं शहराच्या बाजूनं निकाल दिला. थोडक्यात कारण असं की रेस्टॉरंट एका जागी टिकून राहतात, मालमत्ता कर भरतात, वस्तीला स्थैर्य देतात, म्हणून त्यांना झुकतं माप देण्यात शहराचं रास्त हित आहे.

माझं मत विचाराल तर स्पर्धा कमी करणं हे महापालिकेचं काम नाही. कचरा कोण उचलणार ते ठरवा, पाणी कुठे सोडायचं ते ठरवा. गिऱ्हाईक कुणाकडे जावं ते गिऱ्हाइकाला ठरवू द्या.

सदाशिव_पेठ_३०

कचरा माझ्या पायरीवर आहे, म्हणून मी जरा हळवा आहे. शिकागोचं २०० फूट मला जास्तच वाटतं. माझ्या दारासमोरचे दहा मीटर सोडा, एवढीच मागणी.

एडिसनची_आत्याबाई

मी न्यू जर्सीत शनिवार-रविवारी ट्रक चालवते. वडापाव, मिसळ, साबुदाणा वडा, आणि थंडीत मसाला दूध. त्यामुळे आतली बाजू सांगते.

नदी ओलांडून न्यूयॉर्कला जायचा विचारही केला नाही. परमिट मिळणार नाही आणि भाड्यानं घ्यायची हिंमत नाही. जर्सीत संख्येची अशी राज्यभर एक मर्यादा नाही, पण इथं वेगळाच ताप आहे. प्रत्येक गावाची नगरपालिका वेगळी, तिचं आरोग्य खातं वेगळं, परवाना वेगळा, फी वेगळी. एडिसनचा कागद जर्सी सिटीत चालत नाही. नवरात्रात गरब्याच्या मैदानांवर बोलावणी येतात, प्रत्येक ठिकाणी तात्पुरता परवाना, वर अग्निशामक दलाची तपासणी. एकाच ट्रकची एकाच महिन्यात चार माणसं चार वेळा तीच गॅसची नळी तपासून जातात.

लोकांना वाटतं घरून भाजी करून नेली की झालं. अजिबात नाही! घरच्या स्वयंपाकघरात काहीही केलेलं ट्रकवर विकता येत नाही. ट्रकमध्ये करा, नाहीतर कमिसरीत. कमिसरी म्हणजे तपासणी झालेलं भाड्याचं मोठं स्वयंपाकघर, जिथं ट्रक धुवायचा, ताजं पाणी भरायचं, सांडपाणी रिकामं करायचं, माल ठेवायचा. बटाटे तिथंच उकडायचे, सारण तिथंच करायचं. गार ठेवायचं ते ४१ फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे ५ सेल्सियस. गरम ठेवायचं ते १३५ च्या वर, न्यूयॉर्क शहरात १४०. माझी हिरवी चटणी बर्फावर असते आणि सारण गरम पेटीत, आणि इन्स्पेक्टरची तापमान मोजायची सळई दोन्हींत बुडते. भांडी धुवायला तीन खणांचं सिंक, हात धुवायला वेगळं. आईला फोनवर दाखवलं तर म्हणाली, "अगं, एवढं तर आपल्या लग्नघरात पण नव्हतं."

तक्रार नाही करत हं. हे नियम मला पटतात. एखाद्या मुलाला विषबाधा झाली तर मी तोंड कुठे दाखवू? मला छळतो तो कागदांचा गुणाकार.

चिंचपोकळीकर

आत्याबाई, सळईवरून आठवलं. आमच्याकडे रस्त्यावरच्या अन्नाची तपासणी कागदावर अन्न व औषध प्रशासनाकडे, पण गाडी उचलणार महापालिका, आणि वाहतुकीला अडथळा म्हणून पावती फाडणार वाहतूक पोलीस. तिघांची तोंडं तीन दिशांना.

आणि हॉटेलवाल्यांनी एक लक्षात घ्यावं. मुंबईत फेरीवाल्यांवर बंधनं नाहीत असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या निकालात सगळं मोजून दिलंय: एक मीटर बाय एक मीटर जागा, सकाळी सात ते रात्री दहा, देऊळ-मशीद, शाळा आणि इस्पितळापासून १०० मीटर लांब, मंडई आणि रेल्वे स्टेशनपासून १५० मीटर लांब. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, त्यानंतर उच्च न्यायालयानं स्टेशनचे ते १५० मीटर पुन्हा ठासून सांगितले. आता एक मीटर बाय एक मीटरमध्ये फूड ट्रक कसा बसवणार ते कुणीतरी सांगा. त्याचं चाकच तेवढं असतं.

कलमबहाद्दर

चिंचपोकळीकरांनी मुद्द्याला हात घातला. मी कायद्याचा माणूस आहे, म्हणून थोडं लांबेल.

२००३ चा निकाल हा धोरणाच्या अनुपस्थितीत आला होता. त्यानंतर २०१४ मध्ये संसदेनं पथविक्रेत्यांचा कायदा केला, पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम. तो फेरीवाल्यांच्या बाजूचा कायदा आहे आणि चांगला आहे. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं, सर्वेक्षण होऊन विक्रीचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला हटवायचं नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. माल जप्त केला तर यादी द्यायची, नाशवंत माल मागितल्या दिवशीच परत करायचा, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. हे कलम किती गाडीवाल्यांना ठाऊक असतं? आणि उचलून नेणाऱ्यांना?

आता फूड ट्रकची अडचण. या कायद्यात फिरता विक्रेता आहे, त्यामुळे वरवर पाहता ट्रक त्यात बसतो. पण कलम ५ वाचा. प्रमाणपत्र घेताना तीन हमी द्याव्या लागतात: धंदा मी स्वतः किंवा माझ्या कुटुंबातली व्यक्ती करेल, मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही, आणि हे प्रमाणपत्र मी भाड्यानं किंवा अन्य कोणत्याही मार्गानं दुसऱ्याला देणार नाही. हडसनकाठींच्या न्यूयॉर्कला जे शहाणपण २०२१ मध्ये सुचलं ते आपल्या कायद्यात २०१४ पासून लिहिलेलं आहे.

पण मग दहा-पंधरा लाख घालून ट्रक बांधणारा, नोकरी सांभाळून संध्याकाळी धंदा करणारा, दोन आचारी ठेवणारा तरुण या तीन हमी देऊ शकतो का? दुसऱ्या हमीतच अडकला. कायदा लिहिला गेला तो डोक्यावर पाटी घेऊन फिरणाऱ्या माणसासाठी, आणि ते योग्यच होतं. ट्रकवाला हा गुंतवणूकदार आहे. त्याला या कायद्यात ओढून-ताणून बसवलं तर अडीच टक्क्यांतली जागा तो पाटीवालीची खाईल. त्याला वेगळं दालन हवं, आणि जागेसाठी त्यानं बाजारभावानं पैसे मोजावेत.

सुपारीचं_खांड

कलमबहाद्दर, म्हणजे ट्रकला मुंबईत आज नक्की कुठला कायदा लागू होतो?

कलमबहाद्दर

सार्वजनिक रस्त्यावर उभा असेल तर महापालिकेच्या दृष्टीनं तो रस्त्यावर परवान्याशिवाय विक्री करणारा. मुंबई महापालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३१३ अ प्रमाणे परवाना लागतो आणि तो नसेल तर ३१४ खाली नोटीस न देता माल हटवता येतो. बाकी महाराष्ट्रातल्या महापालिकांना १९४९ चा अधिनियम लागू, त्यात २३१ वं कलम तेच काम करतं. खाजगी आवारात उभा असेल तर चित्र बरंच सौम्य होतं.

पासिंगवाला

माझा धंदा गाड्यांच्या बॉडी बांधायचा आहे. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटतं की जुना टेम्पो घ्यायचा, पत्रा कापायचा, खिडकी काढायची, आत शेगडी आणि वर एक्झॉस्ट, झाला फूड ट्रक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कुणी वाचलेलंच नसतं. नोंदणीच्या वेळी उत्पादकानं दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. बदल करायचा तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, नोंद हवी. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे कलम कडक अर्थानं वाचलं.

सरकारच्या 'वाहन' या नोंदणी प्रणालीत 'मोबाईल कॅन्टीन' असा स्वतंत्र प्रवर्ग आहे. तो आरसीवर आला की निम्मी डोकेदुखी संपते. व्यावसायिक वाहन असल्यामुळे फिटनेस प्रमाणपत्र लागतं: पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, मग दर वर्षी. फिटनेसला नेताना भट्टी-बिट्टी खिळखिळी दिसली की गाडी परत.

गॅसबद्दल एक सांगतो, कारण यात जीव जातो. घरचा लाल १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यात वापरणं बेकायदा आहे, १९ किलोचा व्यावसायिक घ्यायचा. सिलिंडर स्वयंपाकाच्या जागेपासून वेगळ्या, खालून हवा खेळणाऱ्या कप्प्यात ठेवायचा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. बंद पत्र्याच्या डब्यात तळाला जाळी नसेल तर तो बाहेर जाणार कुठून? आम्ही ती जाळी फुकट बसवून देतो, तरी गिऱ्हाईक "पावसाचं पाणी आत येईल" म्हणून वरून पत्रा ठोकतं.

नागपुरी_तर्री

धागा भारी आहे, पण सगळे कायदेच सांगून राहिले. आमच्याकडे सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीवर जज्ज पण उभा असतो अन् रिक्षावाला पण. सांगा, त्या गाडीला परवाना विचारते कोण?

सदाशिव_पेठ_३०

ज्या दिवशी नगरसेवक बदलतो त्या दिवशी विचारतात.

हडसनकाठी

:) तर्री, तेच तर दुखणं आहे. परवाना नसलेला माणूस चालतो, पण कुणाच्या तरी मेहेरबानीवर चालतो.

इथले जागेचे नियमही सांगतो, म्हणजे तुलना होईल. गाडी १० फूट लांब आणि ५ फूट रुंद याहून मोठी नको. इमारतीच्या दारापासून २० फूट, रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांपासून आणि भुयारी रेल्वेच्या जिन्यापासून १० फूट. फूटपाथ किमान १२ फूट रुंद हवा. सगळा माल गाडीवर किंवा गाडीत, पाण्याचा खोकाही जमिनीवर ठेवला तर पावती. दंड पूर्वी १००० डॉलरपर्यंत जाई, २०१३ मध्ये तो कमाल ५०० वर आणला. इन्स्पेक्टर टेप घेऊनच येतात. सदाशिव पेठेतल्या दहा मीटरांची सोय इथं सहा मीटरांत झालेली आहे.

ट्रकवाल्यांचं दुखणं वेगळं. पार्किंग मीटरच्या जागेवरून 'माल' विकू नये असा १९६० च्या दशकातला नियम होता. खाद्यपदार्थ हा त्या अर्थानं माल आहे का, यावर खटला झाला आणि २०११ मध्ये कोर्टानं आहे म्हणून सांगितलं. मिडटाउनात, म्हणजे मॅनहॅटनच्या मध्यभागात, बिनमीटरची जागा म्हणजे उंबराचं फूल. त्यामुळे कित्येक ट्रक रस्त्यावरून हटून खाजगी आवारांत, जत्रांत, चित्रीकरणाच्या ठिकाणी गेले. हातगाड्या मात्र फूटपाथवर असल्यामुळे टिकल्या.

तपासणीचं खातंही सारखं बदलतं. २०२१ पर्यंत प्रामुख्यानं पोलीस, मग ग्राहक संरक्षण खातं, एप्रिल २०२३ पासून सफाई खातं. अन्नाची स्वच्छता मात्र आरोग्य खात्याकडे. डिसेंबर २०१८ पासून ते गाड्यांनाही रेस्टॉरंटसारखी ए-बी-सी श्रेणी देतं. ही पाटी गिऱ्हाइकाला दिसते, आणि मला वाटतं सगळ्या नियमांत जास्त उपयोगी हीच पडली असेल.

लिलाववादी

तुम्ही सगळे गोल गोल फिरताय. सरळ लिलाव करा ना. जो जास्त देईल त्याला जागा. भाडं दलालाच्या खिशात जाण्यापेक्षा महापालिकेच्या तिजोरीत गेलेलं काय वाईट?

हडसनकाठी

हा प्रयोग इथं आहेच. उद्यानांच्या आतल्या आणि कडेच्या जागा उद्यान खातं बोली लावून देतं. २०१३ मध्ये सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयाजवळच्या एका हॉट डॉग गाडीची वार्षिक रक्कम २,८९,५०० डॉलर होती. एका गाडीची. दिवसाला जवळजवळ ८०० डॉलर नुसती जागा. तिथं हॉट डॉग किती महाग विकावा लागेल आणि तिथं नवखा स्थलांतरित कसा शिरणार, हे तुम्हीच बघा. पर्यटकांच्या जागांना लिलाव ठीक आहे. क्वीन्समध्ये रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर पहाटे तमाले (मक्याच्या पिठाचा वाफवलेला मेक्सिकन पदार्थ) विकणाऱ्या बाईला तो लावू नका.

लिलाववादी

मान्य, दोन प्रकारच्या जागा वेगळ्या करता येतील. पर्यटन आणि आयटी पार्कच्या जागा बोलीनं, वस्तीतल्या जागा कलमबहाद्दर म्हणतात त्या कायद्यानं.

विंडी_सिटीतला_वारकरी

तिसरी वाट ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडची. तिथं बहुतेक गाड्या रस्त्यावर नसतात. मोकळ्या पार्किंगच्या भूखंडाचा मालक दहा-वीस-पन्नास गाड्यांना जागा भाड्यानं देतो, वीज-पाणी देतो. महापालिकेला फूटपाथची चिंता नाही, हॉटेलवाल्यांच्या पायऱ्या स्वच्छ. अवगुण एकच: जमिनीचा भाव वाढला की मालक इमारत बांधतो. शहराच्या मध्यातला आल्डर स्ट्रीटचा मोठा अड्डा जून २०१९ मध्ये असाच उठला, तिथं आता आलिशान हॉटेल आणि घरांचा मनोरा आहे.

चिंचपोकळीकर

मुंबईत मोकळा भूखंड? चांगला विनोद होता. :D

गाडीवाल्यांना उचलून छपराखाली नेण्याचा प्रकार न्यूयॉर्कनेच आधी केलाय ना? आमच्याकडे मंड्यांमध्ये गाळे देतात आणि गिऱ्हाईक बाहेर रस्त्यावरच राहतं.

हडसनकाठी

केलाय. ला गार्डिया महापौर असताना १९३० च्या दशकात हातगाड्यांवर मोहीम निघाली. मॅनहॅटनमधल्या लोअर ईस्ट साइडचे रस्ते तेव्हा ज्यू आणि इटालियन गाडीवाल्यांनी भरलेले असायचे. त्यांच्यासाठी बंदिस्त बाजार बांधले, १९४० चं एसेक्स स्ट्रीट मार्केट त्यातलंच. ज्यांना गाळा मिळाला ते दुकानदार झाले, बाकीच्यांचा धंदा बसला. एसेक्स मार्केट आजही आहे, नव्या इमारतीत. आणि बाहेरच्या फूटपाथवर आज इजिप्शियन, बांगलादेशी, मेक्सिकन, इक्वेडोरचे लोक गाड्या लावून उभे आहेत.

डोंबिवली_फास्ट_नाही

सगळं वाचून काढलं. आता एक प्रत्यक्ष प्रश्न. माझा भाऊ ठाण्याच्या बाजूला सेकंड हँड फूड ट्रक बघतोय. मालक नऊ लाख मागतोय, म्हणतो "सगळे पेपर क्लिअर, जागा पण देतो." जागा रस्त्यावरची आहे. भाऊ कंपनीत नोकरीला आहे, ती सोडणार नाही. घ्यावा का?

पासिंगवाला

दादा, आधी गाडीचा नंबर घेऊन आरसी तपासा. प्रवर्गात मोबाईल कॅन्टीन लिहिलंय की मालवाहू? मालवाहू असेल तर आतलं सगळं काम कागदावर अस्तित्वात नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला बोट तिथंच ठेवेल. मग फिटनेसची तारीख, कर्जाचा बोजा आहे का, आणि सिलिंडरचा कप्पा उघडून बघा. ही सगळी तपासणी फुकटात होते, टोकन द्यायच्या आधी करा.

कलमबहाद्दर

आणि "जागा देतो" म्हणजे काय देतो ते लेखी मागा. रस्त्यावरची जागा त्याच्या मालकीची नाही. प्रमाणपत्र असेल तर कलम ५ मुळे ते त्याला विकता किंवा भाड्यानं देता येत नाही. नसेल तर तो तुम्हाला एका कोपऱ्यावरची ओळखपाळख विकतोय. तुमचे बंधू नोकरीत असल्यामुळे त्यांच्या स्वतःच्या नावानं प्रमाणपत्र मिळणंही कठीण.

एडिसनची_आत्याबाई

भावाला सांगा, जागा सोडून नुसत्या ट्रकचा भाव करा. एखाद्या सोसायटीशी, पेट्रोल पंपाशी किंवा ऑफिसच्या आवाराशी महिन्याचा लेखी करार होतोय का ते आधी बघायचं, ट्रक त्यानंतर. मी जर्सीत पहिल्यांदा मैदानाची तारीख पक्की केली आणि मग ट्रकच्या मालकाला फोन केला होता.

डोंबिवली_फास्ट_नाही

धन्यवाद सगळ्यांना. आरसी बघितली. मालवाहू आहे. भावाला सांगितलं, तो आता मालकाशी सहा लाखांवर बोलतोय.

पासिंगवाला

सहात पण नको. प्रवर्ग बदलून मिळत असेल तर तो त्याच्याच खर्चानं, त्याच्याच नावावर असताना करून घ्या, मग पैसे द्या. तयार नसेल तर समजून जा.